आधी बघा, मग पाना लावा: बोटीच्या डिझेल इंजिनातून पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड काढताना

१ जूनला मासेमारी बंदी लागते आणि देवगडच्या खाडीत बोटी येऊन विसावतात. जाळी घरी जातात, बोटी शाकारल्या जातात, आणि आम्हा इंजिनवाल्यांचा हंगाम सुरू होतो. ३१ जुलैपर्यंतचे हे ६१ दिवस, तेही भर पावसाचे. याच दिवसांत नवी मुलं कामाला येतात. कुणी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आलेला असतो, कुणी चार वर्षं खलाशी म्हणून बोटीवर राहून इंजिनाचा आवाज ओळखायला शिकलेला. दोघांनाही पहिल्या आठवड्यात एकच घाई असते: पिस्टन कधी काढायचा?

हे त्यांच्यासाठी लिहितोय. रॉड म्हणजे पिस्टनला खाली फिरणाऱ्या क्रँकशी जोडणारा दांडा. सहा सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन डोळ्यांसमोर ठेवलं आहे. एक-दोन सिलिंडरच्या छोट्या इंजिनात काम कमी, पण रीत तीच.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मालवणचे मिस्त्री दिवसातून दहा वेळा एकच वाक्य म्हणायचे, "आधी बघ, मगे पानो लाव." तेव्हा वैताग यायचा. आता मीच ते म्हणतो. पिस्टन काढण्यात ताकदीचं काम फार थोडं. पण बंद इंजिनात प्रत्येक तुकडा ज्या जागी, ज्या बाजूला, जेवढ्या फटीने बसलेला असतो ती माहिती नट सैल होईपर्यंतच मिळते. एकदा सगळं टेबलावर आलं की कितीही हुशार माणूस असला तरी ती परत मिळवता येत नाही.

पाना लावण्याआधी

पहिलं विचारा, इंजिन का खोलायचं आहे? तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला विचारा, मालकाला नाही. इंजिनाच्या आवाजात झोपलेला माणूस तो. धूर निळा होता की काळा, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, फुंकर किती मारत होतं, ऑइल किती दिवसांनी भरावं लागत होतं, ठोका गरम झाल्यावर येत होता की थंड असतानाच. सगळं वहीत लिहून ठेवा. पुढे पिस्टन हातात येईल तेव्हा त्याच्यावरच्या खुणा या उत्तरांशी ताडून बघायच्या आहेत.

बॅटरीची तार काढा. गोडं पाणी आणि समुद्राच्या पाण्याची लाइन, दोन्ही रिकामी करा. ऑइल स्वच्छ बादलीत काढा आणि त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत भरून बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी बाटली उजेडात धरायची. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. तळाशी चमचम दिसली तर बेअरिंगचा धातू सुटलाय. फिल्टरही फेकू नका. कापून त्याचा कागद उलगडून बघा.

मोठं इंजिन बोटीतच खोलायचा मोह होतो. पण ऑइल चेंबरखाली हात घालायला जागा नसते, तिथे बोटीचा तळ येतो. म्हणून सहा सिलिंडरचं इंजिन चेन पुलीने उचलून बाहेरच घ्यावं. उचललेल्या इंजिनाखाली कुणी हात, पाय, डोकं घालायचं नाही, साखळी कितीही नवी असली तरी. छोट्या इंजिनांना क्रँककेसच्या बाजूला झाकण असतं, तिथून बिग एंडपर्यंत, म्हणजे रॉडच्या क्रँकला धरणाऱ्या टोकापर्यंत, हात पोचतो, त्यामुळे ती जागेवर खोलता येतात.

जागा आणि पेट्या

आपल्याकडे जून-जुलैत उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. वारा खारा, हवा ओली, आणि घामेजल्या हाताचा ठसासुद्धा घासलेल्या पृष्ठभागावर गंजून उमटतो. ताडपत्री नीट बांधलेली, जमिनीवर लाकडी फळ्या, रॉकेलचा डबा, स्वच्छ सुती कापड, आणि ताज्या ऑइलचा एक लहान डबा फक्त पुसायला, एवढं तयार नसेल तर काम दुसऱ्या दिवशी सुरू करा.

हत्यारांत नेहमीच्या पान्यांशिवाय ठरलेल्या जोराने कसायचा टॉर्क पाना, फट मोजायचं फिलर गेज, रिंग काढायचा चिमटा, रिंग दाबायचा पट्टा, सर्क्लिपचा चिमटा आणि उंचीतला बारीक फरक दाखवणारं डायल गेज लागतं. मायक्रोमीटर शेजारच्या लेथवाल्याकडे मिळतो, पण तो वापरायला शिकून घ्या. इंजिनाचं मॅन्युअल जवळ हवं. टॉर्क आणि फटींचे आकडे तोंडपाठ असल्याचा आव कुणी आणला तरी मॅन्युअल उघडून बघायचंच.

आणि सहा आंब्याच्या पेट्या. देवगडात मे संपला की रिकाम्या लाकडी पेट्यांना तोटा नाही. त्यांवर रंगाने १ ते ६ आकडे घाला. पहिल्या सिलिंडरमधून निघालेलं सगळं, पिस्टनपासून बेअरिंगच्या पाकळीपर्यंत (बेअरिंगचा अर्धगोल तुकडा), पहिल्याच पेटीत. पहिला सिलिंडर कुठला? बहुतेक इंजिनांत पुलीच्या बाजूचा पहिला, फ्लायव्हीलच्या बाजूचा शेवटचा. पण काही बनावटींत मोजणी उलटी असते, म्हणून मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्या आणि ब्लॉकवर रंगाने आकडे टाका.

हेड उतरवणं

हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण. यावर फार लिहीत नाही. मॅनिफोल्ड, डिझेलच्या नळ्या, नोझल, रॉकर, पुशरॉड या क्रमाने काढा. डिझेलच्या प्रत्येक उघड्या तोंडाला लगेच टोपी घाला. नोझलच्या भोकात वाळूचा कण गेला तर नुकसान हजारांत जातं. पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचा. हेडचे बोल्ट कसताना मधून बाहेर कसतात, तर सोडताना बाहेरून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सोडा. एकदम एकाच बाजूचे सोडले तर हेड वाकतं. हेड चिकटलं असेल तर पॅकिंगमध्ये पटाशी घुसवू नका, रबरी हातोड्याने बाजूने ठोका.

हेड निघालं की लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी, ओला आहे का ते बघा. ओल्या लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागतं, आणि तो वरून हेडच्या दाबानेच जागेवर राहिलेला असतो. हेड काढून तुम्ही क्रँक फिरवलीत तर वर जाणारा पिस्टन लायनरलाही ओढून वर नेतो आणि खालच्या रबरी रिंगा फाटतात. म्हणून हेडच्या बोल्टला जाड वॉशर किंवा पट्ट्या लावून लायनर दाबून धरा, मगच क्रँकला हात लावा.

आता पहिलं मोजमाप. एकेक पिस्टन सगळ्यात वर आणा आणि तो ब्लॉकच्या पृष्ठभागापासून किती वर किंवा खाली आहे हे डायल गेजने बघा. सहाही आकडे वहीत. पाच सारखे आणि एक कमी भरला तर त्या सिलिंडरचा रॉड वाकला असल्याचा संशय घ्या. बोटीच्या इंजिनात हे होतं. मागून लाट येऊन सायलेन्सरच्या वाटेने समुद्राचं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, कुणीतरी स्टार्टर मारतो, आणि पाणी दबत नाही म्हणून रॉड दबतो. इंजिन तरीही चालतं. म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही.

लायनरच्या तोंडाची कडा

नवी मुलं इथेच चुकतात, म्हणून जरा थांबतो. वरची रिंग जिथवर घासते तिथवर लायनर झिजतो. त्याच्या वरचा अर्धा बोट भाग झिजत नाही, उलट त्यावर काजळी बसते. त्यामुळे तोंडाशी एक पायरी तयार होते. नख फिरवलं की अडकतं. पिस्टन खालून ढकलला की वरची रिंग त्या पायरीवर आपटते, आणि मग एक तर रिंग तुटते किंवा पिस्टनवरचा रिंगेचा कठडा तुटतो. पिस्टन तर कामातून जातोच, वर जोरही असा लागतो की मुलाला वाटतं पिस्टन जाम आहे आणि तो अजून मोठा हातोडा शोधतो.

पिस्टन खाली न्या, वर कापड कोंबा, काजळी बोथट पटाशीने खरवडा, बारीक पॉलिश कागदाने पुसा, सगळा भुगा कापडासकट उचला. काजळी गेल्यावरही धातूची पायरी नखाला लागत असेल तर कडा कापायचं हत्यार, म्हणजे रिज रीमर, लावावं लागतं. ते फिरवताना रिंगेच्या वाटेत खाली खोल कापू नका. लायनर बदलायचाच ठरला असेल तरी कडा काढा, कारण पिस्टन वाचवायचा आहे.

चेंबर उघडल्यावर: खुणा आणि फट

इंजिन स्टँडवर असेल तर उलटं करा, नसेल तर फळ्यांवर पोती टाकून आडवं करा. चेंबर आणि ऑइल पंपाची जाळी काढा. जाळीत काय अडकलंय ते बघा. रबरी रिंगेचे तुकडे, पॅकिंगचा लगदा, पितळी पापुद्रे, सगळं पेटीत ठेवण्याजोगं आहे.

आता बिग एंड समोर दिसतो. पाना अजून लांब ठेवा. रॉडच्या बाजूला आणि क्रँकच्या गालाला मधे फिलर गेज घालून फट मोजा, सहाही जागी, आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. मग खुणा शोधा. रॉड आणि त्याची कॅप, म्हणजे बिग एंडचा सुटा होणारा अर्धा भाग, यांवर बहुतेक वेळा आकडे कोरलेले असतात, दोन्हींवर तोच आकडा, एकाच बाजूला. ते आकडे कॅमशाफ्टच्या बाजूला आहेत की उलट, हे लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढा, पण फोटोच्या भरवशावर वही सोडू नका.

आकडे नसले तर कॅप कसलेली असतानाच जोडाच्या दोन्ही अंगांना, सपाट जाड भागावर, आकड्यांच्या पंचने हलकी खूण करा. रॉडच्या दांड्यावर कधीच नाही. नव्या काही इंजिनांत रॉड एकसंध बनवून मग बिग एंडला तडकावून कॅप वेगळी करतात. जोड खडबडीत, दाणेदार दिसतो. तिथे पंच वापरायचाच नाही, रंगाने खूण करा. त्या दाणेदार जोडाला कानस, पॉलिश कागद, जमीन, काहीही लागू देऊ नका. ते दाणे एकमेकांत बसूनच कॅप जागेवर येते.

कॅपची अदलाबदल का चालत नाही, हे मी चूक करून शिकलो. कामाचं दुसरं वर्ष होतं. एका ट्रॉलरच्या इंजिनाच्या २ आणि ५ नंबरच्या कॅप मी रॉकेलच्या एकाच घमेल्यात टाकल्या, आकडे काजळीने भरलेले होते, आणि बसवताना त्या बदलल्या. कसल्यावर क्रँक जड झाली. नवं बेअरिंग आहे, घट्टच असणार, असं मी स्वतःला समजावलं आणि पाइप लावून फिरवू लागलो. मिस्त्रींनी पाइप काढून घेतला आणि सगळ्या कॅप उघडायला लावल्या. नव्या पाकळ्यांवर जोडाजवळ घासल्याची चकाकती रेघ होती. रॉड आणि कॅप एकत्र कसून मग आतलं भोक घासतात. दुसऱ्याची कॅप लावली की जोडावर केसाएवढी पायरी राहते, आणि तेवढी पायरी ऑइलचा पडदा फाडायला पुरते. तसंच समुद्रात गेलं असतं तर परत ओढून आणायला दुसरी बोट लागली असती.

कॅप सोडणं आणि पिस्टन ढकलणं

सहा सिलिंडरमध्ये पिस्टन जोडीने वर-खाली होतात: १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४. जी जोडी खाली आहे तिच्या कॅपपर्यंत पाना सरळ पोचतो. त्या दोन घ्या, मग क्रँक फिरवून पुढची जोडी. फिरवताना इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा.

नट किंवा बोल्ट दोन-तीन टप्प्यांत सोडा. कॅप लगेच सुटत नाही. तांब्याच्या किंवा रबरी हातोड्याने दोन्ही बाजूंना हलकं ठोका, ती वाजून सुटते. तिच्यातली बेअरिंगची पाकळी पडू देऊ नका. पाकळीच्या पाठीवर मार्करने लिहा: ३ खाली. रॉडमधल्या पाकळीवर: ३ वर.

रॉडमधून बोल्ट खाली डोकावत असतील तर त्यांवर रबरी नळीचे बोटभर तुकडे चढवा. डिझेलची जुनी नळी चालते. पिस्टन वर जाताना रॉड थोडा जरी डुलला तरी बोल्टचं टोक क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बिग एंड जिथे बसतो त्या गुळगुळीत भागावर, ओरखडा काढतं, आणि त्या एका ओरखड्यासाठी क्रँक घासायला पाठवावी लागते.

मग लाकडी दस्ता घ्या, रॉडच्या जोडाच्या कडेला टेकवा, पाकळीला नाही, आणि सरळ रेषेत ढकला. ठोकायचं नाही, ढकलायचं. काही इंजिनांत पिस्टनवर ऑइल उडवणाऱ्या बारीक नळ्या खाली बसवलेल्या असतात. रॉड त्यांना लागला तर त्या वाकतात आणि पुढे पिस्टन तहानलेला राहतो. वरच्या बाजूला दुसरा माणूस दोन्ही हात पसरून हवा. एकेक रिंग लायनरबाहेर टक करून उघडते. शेवटची सुटली की पिस्टनला धरायला लायनर उरत नाही. पिस्टन आणि रॉड मिळून तान्ह्या मुलाएवढं वजन असतं, आणि धरायचंही तसंच, एक हात पिस्टनखाली, एक रॉडला. अडला तर ढकलणं थांबवा, लायनरची कडा पुन्हा बघा.

काही रॉडचा जोड तिरका असतो. रुंद बिग एंड बोअरमधून वर निघावा म्हणून तशी रचना असते. अशा रॉडचं एक टोक लायनरला घासू शकतं, त्यामुळे खालच्या माणसाने बॅटरीचा उजेड धरून बघत राहावं.

बाहेर आल्यावर

पिस्टन निघाला की पहिल्या मिनिटातच त्याची कॅप त्याच्या रॉडला, आकडे एका बाजूला येतील अशी, हाताने लावून ठेवा. पिस्टनच्या डोक्यावर बाण किंवा पुढची बाजू दाखवणारी खूण असते. काजळी पुसून ती बघा आणि रॉडच्या आकड्यांची बाजू तिच्याशी जुळवून वहीत चित्र काढा. पिस्टनवर पंचने आकडा मारू नका, रंगाने लिहा.

रॉड हातात धरून पिस्टन लोंबकळू द्यायचा नाही. डोललेला रॉड पिस्टनच्या खालच्या घेरावर आपटतो आणि ॲल्युमिनियम चेपतं. आडवा ठेवताना खाली पोतं, रॉडला आधार. पिस्टन एकमेकांवर रचायचे नाहीत. व्हाइसमध्ये रॉड धरायचा झाला तर दोन्ही जबड्यांना लाकडाचे किंवा पितळेचे तुकडे लावा.

एवढं जपायचं कारण हिशेबाने सांगतो. १०० मिमी व्यासाच्या पिस्टनवर ८० बारचा दाब आला तर जोर सहा टनांहून जास्त होतो. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांनी चालत असेल तर हा दणका त्याच रॉडला सेकंदाला १५ वेळा बसतो. रॉडच्या दांड्यावर कानशीचा आडवा ओरखडा, पंचची खूण, हातोड्याचा चेमटा पडला की तिथून भेग सुरू होते. आणि तुटलेला रॉड ब्लॉक फोडूनच बाहेर येतो.

क्रँकचे उघडे जर्नल ताज्या ऑइलने पुसा आणि स्वच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळा. लायनरच्या तोंडांवर कापड, वर ताडपत्री. संध्याकाळी घरी जाण्याआधी सहाही पेट्यांतल्या लोखंडी भागांवर ऑइलचा हात फिरवा. जुलैतल्या एका रात्रीचा आळस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घासत बसायला लावतो.

रिंगा आणि गजन पिन

रिंगा चिमट्याने काढा, वरची आधी. दोन अंगठ्यांनी ताणून काढणारे कसबी लोक आहेत, पण त्यात रिंग मोडते किंवा पिळवटते, आणि पिस्टनला ओरखडे पडतात. जुन्या रिंगाही क्रमाने तारेत ओवून ठेवा.

गजन पिन, म्हणजे पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन, काढताना आधी डोळ्यांवर चष्मा घाला. पिनला अडवून धरणारी सर्क्लिप सुटून उडते ती थेट तोंडाकडे. पिन जाम असेल तर हातोडा नको, कारण आधाराशिवाय मारलेला प्रत्येक ठोका रॉड वाकवतो. पिस्टन उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, पिन अंगठ्याने सरकते. जाड हातमोजे घाला. नंतर सगळं पुसून लगेच ऑइल लावा. सर्क्लिप पुन्हा वापरायची नाही, नवीनच.

साफसफाईत एक चूक वरचेवर बघतो. हेड आणि ब्लॉक कॉस्टिक सोड्यात टाकतात, तसेच पिस्टनही टाकले जातात. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो. पाणी बुडबुडून उकळल्यासारखं दिसतं आणि पिस्टन खरबरीत होऊन निघतो. पिस्टन रॉकेलमध्ये भिजवा, मऊ ब्रशने घासा. तारेचा ब्रश घेराला लावू नका. रिंगेच्या खाचा साफ करायला जुनी मोडकी रिंग वापरतात, ती चालते, पण फक्त काजळी निघाली पाहिजे, धातूचा चमकदार सोलपट नाही. खाचेच्या तळाशी ऑइल परतण्याची भोकं असतात, ती सगळी उघडी करा.

पिस्टन, पाकळ्या आणि रॉड वाचणं

इथे सावकाश जा. चहा घ्या, सहाही पिस्टन ओळीने मांडा, वही उघडा.

पिस्टनच्या घेरावर दोन्ही बाजूंना, गजन पिनच्या काटकोनात, उभे ओरखडे असतील तर इंजिन तापलेलं आहे. मग समुद्राच्या पाण्याची लाइन बघा: खालच्या जाळीला प्लास्टिकची पिशवी, चिखल, शिंपले, पंपाचा झिजलेला रबरी पंखा. फक्त एका बाजूला वर आणि विरुद्ध बाजूला खाली अशी तिरकी घासण दिसली तर रॉड वाकडा आहे. डायल गेजचा तो कमी भरलेला आकडा याच सिलिंडरचा निघतो का, बघा. डोक्यावर एका जागी धातू वितळल्यासारखा किंवा पोखरलेला असेल तर त्या सिलिंडरचं नोझल गळतंय किंवा फवारा बिघडलाय. नोझल न तपासता नवा पिस्टन घातला तर तोही जाईल.

पाकळ्यांचं तसंच. सगळीकडे सारखा करडा, गुळगुळीत रंग म्हणजे ठीक. करड्याखालून तांबूस धातू दिसतोय म्हणजे वरचा थर संपला. बारीक गोल ओरखडे म्हणजे ऑइलमध्ये घाण. एकाच कडेला घासलेली पाकळी पुन्हा वाकड्या रॉडकडे बोट दाखवते. काळे, खड्डे पडलेले डाग असतील तर ऑइलमध्ये पाणी, बाटली आठवा. पाकळीच्या पाठीवर चकाकते डाग असतील तर ती आत फिरायला बघत होती, कॅप नीट कसलेली नव्हती.

रॉडचा सरळपणा मशिन शॉपमध्ये बघून घ्या. बिग एंडचं भोक कॅप पूर्ण टॉर्कला कसून मगच मोजायचं. भेगेसाठी रंगाचा फवारा मिळतो. तो नसेल तर जुना उपाय: रॉड रॉकेलमध्ये भिजवा, कोरडा पुसा, खडूची पूड लावा. भेगेतलं रॉकेल पुडीवर ओली रेघ उमटवतं. मोठ्या भेगा यात सापडतात, केसाएवढ्या निसटू शकतात, म्हणून ज्या इंजिनाने पाणी प्यायलं होतं त्याचे रॉड मशिन शॉपलाच दाखवा. बिग एंडचे बोल्ट माझ्या मते प्रत्येक वेळी नवे घालावेत. काही इंजिनांत तो नियमच आहे. मालक पैशांवरून कुरकुरतात. त्यांना जुना, ताणून बारीक झालेला बोल्ट नव्याशेजारी ठेवून दाखवा.

रॉड किंवा पिस्टन एखादाच बदलायचा असेल तर वजन जुळवा. सोनाराच्या काट्याची गरज नाही, पण पाच एक वजनाचे आणि सहावा वेगळा असं इंजिन थरथरतं.

परत बसवताना

रिंगेची फट लायनरमध्ये घालून मोजा. रिंग उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि तोंडात फिलर गेज घाला. ढोबळ हिशेब १०० मिमी व्यासाला ०.३ ते ०.४ मिमी, पक्का आकडा मॅन्युअलमधला. ज्या रिंगेवर 'टॉप' कोरलंय ती बाजू वर. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नका, तीन असतील तर घेराचा एक-तृतीयांश सरकवत लावा, आणि कुठलंच तोंड गजन पिनच्या रेषेत नको.

पाकळीची पाठ आणि रॉडमधली तिची बैठक कोरडी, स्वच्छ. ऑइल फक्त आतल्या बाजूला. लायनर, पिस्टन, रिंगा यांना भरपूर ऑइल, बोल्टांवर रबरी नळ्या, रिंगांवर पट्टा घट्ट. पिस्टनचा बाण बरोबर दिशेला आहे हे दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. मग हातोड्याच्या लाकडी दस्त्याने टपटप करत खाली सरकवा. आवाज बदलला, पिस्टन कडक झाला, तर तिथेच थांबा. एखादी रिंग पट्ट्याबाहेर निसटून लायनरच्या कडेवर बसलेली असते. अजून एक ठोका आणि ती मोडते. बाहेर काढा, पुन्हा पट्टा लावा. मला आजही सहात एकदा तरी काढावा लागतो.

कॅप लावा, टप्प्याटप्प्याने मॅन्युअलच्या टॉर्कला कसा, आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. जड झाली तर कारण शेवटच्या कॅपमध्ये आहे, शोधायला सोपं. सहा कसून मग फिरवली तर सहा उघडावे लागतील. बाजूची फट आणि पिस्टनची उंची पुन्हा मोजा, वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा.

सहावा बसला की क्रँक दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि हाताला काय लागतं ते जाणून घ्या. मग सहाही पेट्या एकेक करून फळीवर उपड्या करा. पेटीत एखादी वॉशर, टॅबचा तुकडा, नळीची टोपी निघाली, तर चेंबर चढवू नका. ती कुठली ते सापडेपर्यंत दिवा विझवायचा नाही.